कुंभकोणमची पाटी आणि सर्व्हरचा राखणदार

कुंभकोणमला सारंगपाणी मंदिरासमोरच्या सन्निधी रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण आणि तारुण्याची बरीच वर्षे या घरात गेली. २००३ मध्ये सास्त्रा विद्यापीठाने ते विकत घेऊन जतन केले आणि आता तिथे त्यांचे स्मारक आहे. रामानुजन गणित कसे करीत, याची हकिकत त्यांच्या परिचितांनी सांगून ठेवली आहे. कागद परवडत नसे, म्हणून सारी आकडेमोड पाटीवर चाले. मधली पायरी संपली की ती कोपराने पुसायची आणि हाती आलेले उत्तर तेवढे वहीत उतरवायचे. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. ते तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते, आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये इथल्याच एका मराठी घराण्यात जन्मले.

वहीत उतरलेल्या त्या उत्तरांपैकी काही ‘पाय’ या संख्येविषयी होती. १९१४ मध्ये, केंब्रिजला गेल्यावर, रामानुजन यांनी पायचे मूल्य देणाऱ्या सतरा श्रेणी प्रसिद्ध केल्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध श्रेणीचे पहिले पद एकटेच पायचे पहिले सहा दशांश अचूक देते आणि पुढचे प्रत्येक पद आणखी सुमारे आठ अंकांची भर घालते. या श्रेणींचा पदार्थविज्ञानाशी असलेला संबंध बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील फैझान भट आणि अनिंद सिन्हा यांनी २०२५ मध्ये उलगडून दाखविला, आणि ती बातमी आपल्याकडे बरीच गाजली. त्या मानाने या श्रेणींचे दुसरे आयुष्य कमी परिचित आहे. ते संगणकाच्या खोलीत गेले.

१९८५ मध्ये विल्यम गॉस्पर यांनी रामानुजनांचे सूत्र संगणकात घातले आणि पायचे १,७५,२६,२०० अंक काढले. गंमत म्हणजे त्या वेळी या सूत्राची सिद्धता कोणी दिलेली नव्हती. ती थोड्या काळाने आली. पुढे चुडनोव्स्की बंधूंनी त्याच वळणाचे आणखी वेगवान सूत्र शोधले. त्याचे एक पद चौदा अंक देते आणि अलीकडचे सारे मोठे विक्रम त्याच्याच बळावर झाले आहेत. २०११ मध्ये जपानचे शिगेरू कोंदो यांनी अलेक्झांडर यी यांच्या आज्ञावलीच्या साहाय्याने, घरी जोडलेल्या संगणकावर, पायचे दहा लाख कोटी अंक काढले. त्याला ३७१ दिवस लागले. सूत्रात खोट नव्हती आणि आज्ञावलीतही नव्हती. वर्षभर अहोरात्र फिरणाऱ्या हार्ड डिस्क एकामागून एक दगा देत गेल्या, आणि दर वेळी मागच्या जतन केलेल्या टप्प्यापासून काम पुन्हा सुरू करावे लागले. २०२४ मध्ये एका अमेरिकी गटाने २०२ लाख कोटी अंकांचा टप्पा गाठला, त्यासाठी यंत्र सुमारे तीन महिने चालले.

पाटीवर चूक झाली तर ती हात करणाऱ्याची. सर्व्हरवर मात्र गणित बरोबर असूनही उत्तर बिघडू शकते. पंखा मंदावतो, प्रोसेसर तापतो, वीजपुरवठ्याचा एक भाग जळतो. कधी अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांपासून निर्माण झालेला एखादा कण स्मृतीच्या चिपमधून जातो आणि शून्याचा एक करतो. तमिळनाडूतच उटीला ‘ग्रेप्स-३’ प्रयोगात याच कणवर्षावांची मोजदाद चालते. जे तिथे विज्ञान आहे, ते सर्व्हरच्या दृष्टीने उपद्रव आहे. सर्व्हरमधील स्मृती अशी एकेका बिटाची चूक ओळखून दुरुस्त करते. पण तिने ती किती वेळा दुरुस्त केली, हे कोणी तरी टिपून ठेवावे लागते, कारण तीच तीच जागा पुन्हा पुन्हा चुकू लागली तर तो कण नव्हे, मरणपंथाला लागलेली चिप असते.

हे टिपणारा कोण? मोठ्या संगणकाच्या पहिल्या काही दशकांत उत्तर सोपे होते: माणूस. यंत्राच्या खोलीत पाळीपाळीने कर्मचारी बसत, दिवे पाहत, आवाज ऐकत. पंख्याचा बदललेला सूर ओळखणारे जुने ऑपरेटर पुण्या-मुंबईत अजून भेटतील. यंत्रे वाढली तसा हा मार्ग संपला. मग यंत्राच्याच कार्यप्रणालीत एक छोटी आज्ञावली बसविण्याची रीत आली. ती तापमान वाचे आणि जाळ्यावरून वरिष्ठ यंत्राला कळवी. तिचा दोष उघड होता. कार्यप्रणाली गोठली की कळविणारीही गोठे. बुडणाऱ्यानेच बुडाल्याची वर्दी द्यायची, असा तो प्रकार. सर्व्हर गप्प झाला म्हणजे तो मेला, की जाळे तुटले, की नुसता पडदा अडकला, हे बाहेरून कळत नसे. शेवटी कोणाला तरी रात्री गाडी काढून जावेच लागे, आणि तिथे जाऊन तो बहुधा एकच काम करी: बटण दाबून धरायचे, यंत्र बंद करायचे, पुन्हा सुरू करायचे.

यावरचा तोडगा धाडसी होता. मोठ्या संगणकाच्या मदरबोर्डावर दुसरा, अगदी लहान, स्वतंत्र संगणक बसवायचा. त्याचा प्रोसेसर वेगळा, स्मृती वेगळी, कार्यप्रणाली वेगळी, शक्य तर जाळ्याची तारही वेगळी. मुख्य यंत्र बंद असले तरी भिंतीतून वीज येत आहे तोवर हा जागा. त्याला ‘बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर’ म्हणतात आणि त्याचे लघुरूप बीएमसी. मुंबईकराला या तीन अक्षरांनी महापालिका आठवेल, आणि ते अगदीच चुकीचे नाही: दिवाबत्ती, पाणीपुरवठा, कचरा यांसारखीच, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी पण थांबली की सारे थांबविणारी कामे हीही बीएमसी करते.

१९९८ मध्ये इंटेल, ह्युलेट-पॅकार्ड, एनईसी आणि डेल या चार कंपन्यांनी अशा चिपशी बोलण्याची एक सामाईक भाषा ठरविली. तिचे नाव आयपीएमआय. पुढच्या काही वर्षांत ती जाळ्यावरून बोलू लागली आणि २००४ मधील दुसऱ्या आवृत्तीत तिला सांकेतिक लिपीचे कवच मिळाले. त्याच काळात कॉम्पॅक आणि ह्युलेट-पॅकार्ड यांच्याकडून ‘लाइट्स-आउट’ हा शब्द रूढ झाला. अर्थ शब्दशः घ्यायचा: यंत्राच्या खोलीतले दिवे मालवले तरी चालेल, कारण आत माणूस असण्याचे कारण उरलेले नाही.

माणूस आता ब्राउझरसमोर बसतो. पत्ता टाकावा, नाव आणि पासवर्ड द्यावा, की एक पान उघडते. दिसायला ते बँकेच्या पानाइतकेच रूक्ष. एका तक्त्यात आत येणाऱ्या हवेचे तापमान, दोन्ही प्रोसेसरांचे तापमान, प्रत्येक पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे, प्रत्येक वीजपुरवठ्यातून जाणारे वॅट. प्रत्येक आकड्याला मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. ओलांडली की हिरवा ठिपका पिवळा होतो, मग तांबडा. आत येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी असा जगन्मान्य संकेत आहे. कुंभकोणमसारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्यातली रात्रही त्याहून उष्ण असू शकते, तिथे हा एक आकडा राखण्यासाठीच बरीच वीज खर्ची पडते. दुसऱ्या पानावर घटनांची नोंदवही: अमुक दिवशी अमुक वाजता पंखा क्रमांक चार मंदावला, स्मृतीच्या अमुक खाचेत चूक दुरुस्त झाली. रामानुजन यांची पाटी जे पुसून टाकी ते सारे मधले टप्पे ही वही धरून ठेवते.

पण खरी जादू तिसऱ्या पानावर आहे. तिथे सर्व्हरचा पडदा दिसतो, जणू त्याला मॉनिटर जोडला आहे. कार्यप्रणाली कोसळली असेल तर कोसळतानाचा शेवटचा संदेश दिसतो. यंत्र नुकतेच सुरू होत असेल तर अगदी पहिली काळी चौकट दिसते, जिथे कार्यप्रणालीचा जन्मही झालेला नसतो. इथून कळफलक चालविता येतो. आपल्या लॅपटॉपवरची एक फाइल दाखवून ‘ही तुझ्यात घातलेली सीडी आहे’ असे सर्व्हरला पटवता येते आणि तो त्यावरून नव्याने उभा राहतो. आणि एका कोपऱ्यात ते बटण: बंद करा, सुरू करा, बंद करून पुन्हा सुरू करा. रात्रीची गाडी काढण्याचे कारण या एका बटणाने संपविले. २०२० च्या टाळेबंदीत जगभरची संगणककेंद्रे चालू राहिली, त्यात या पानांचा वाटा मोठा होता, पण त्याची बातमी कुठे झाली नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना सर्व्हरच्या आधी एका वेगळ्या रूपात ठाऊक होती. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी आधी तमिळनाडूत उटीला आणि मग इथे, अशा दोन मोठ्या दुर्बिणी उभारल्या. खोडदच्या तीस अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात शेतमळ्यांमधून विखुरलेल्या आहेत. प्रत्येकीजवळ माणूस बसविणे अशक्यच. म्हणून प्रत्येक अँटेनाच्या पायथ्याशी एक लहान संगणक ठेवला गेला, प्रकाशतंतूने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेला. आकाशातून आलेला संदेश वाहून नेणे हे त्याचे काम नाही. तो तबकडीची दिशा, मोटारी, वीज, ग्राहकयंत्रे यांची खबर घेतो आणि आज्ञा पोचवितो. वारा धोक्याच्या वेगाला पोचला की तबकड्या आकाशाकडे तोंड करून थांबविल्या जातात, आणि त्यासाठी कोणाला शिवार तुडवत धावावे लागत नाही. विज्ञानाचे काम एका वाटेने, यंत्राची देखभाल दुसऱ्या वाटेने. सर्व्हरवरची बीएमसी हीच विभागणी हाताच्या तळव्याएवढ्या जागेत करते.

या विभागणीतच मेख आहे. राखणदार उपयोगी पडावा म्हणून त्याला मुख्य यंत्रापासून स्वतंत्र केले. स्वतंत्र केले म्हणून त्याच्या हाती सर्व किल्ल्या आल्या, आणि मुख्य यंत्राला मात्र त्याच्यावर नजर ठेवता येईना. विषाणूरोधक आज्ञावली मुख्य कार्यप्रणालीत चालते. खालच्या मजल्यावर दुसरा एक संगणक काय करतो आहे हे तिला दिसतच नाही. डिस्क पुसा, कार्यप्रणाली नव्याने बसवा, बीएमसीतला घुसखोर जागचा हलत नाही.

२०१३ मध्ये संगणक-सुरक्षेतील दोन जाणकारांनी, डॅन फार्मर आणि एच. डी. मूर यांनी, ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीची रचनाच अशी होती की, प्रवेश मागणाऱ्या अनोळखी पाहुण्याला सर्व्हर पासवर्डाचा सांकेतिक ठसा आपणहून देऊन टाकी. तो घरी नेऊन सावकाश फोडता येई. काही यंत्रांवर एक विशिष्ट पर्याय निवडला की पासवर्ड विचारलाच जात नसे. आणि मूर यांना इंटरनेटवर उघड्यावर, कोणाही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी, तीन लाखांहून अधिक यंत्रे आढळली. यात फसवणूक नव्हती, निष्काळजीपणा होता. ज्यांनी ही भाषा ठरविली त्यांच्या डोळ्यांपुढे कुलूपबंद खोलीतले खासगी जाळे होते. खोलीच्या भिंती कधी पडल्या, ते कोणाच्या लक्षात आले नाही. २०१५ मध्ये आलेल्या ‘रेडफिश’ या नव्या भाषेने वेबचे रुळलेले शिष्टाचार स्वीकारले, जुने दोष बरेच दूर केले आणि हजारो सर्व्हरना एकाच लिपीत प्रश्न विचारण्याची सोय केली. जुनी यंत्रे मात्र लगेच भंगारात गेली नाहीत.

भारतासाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता, याचे कारण आपल्या महासंगणकाच्या इतिहासात आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचा महासंगणक दिला तो हवामानाच्या अंदाजापुरता, आणि अन्य कामासाठी तो वापरला जाऊ नये म्हणून कडक अटी व देखरेख लादून. यंत्र दिल्लीत, पण त्यावर काय चालावे हे ठरविणारे दुसरीकडे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, त्यामागे ही बोच होती. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणक अभियानाने, ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीसह, तीच वाट पुढे नेली. अभियानातला पहिला संगणक, परम शिवाय, २०१९ मध्ये वाराणसीला आला. कुंभकोणमहून कावेरीच्या काठाने वर गेले की तिरुचिरापल्ली लागते. तिथल्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत मे २०२२ मध्ये परम पोरुळ सुरू झाला. त्याची क्षमता ८३८ टेराफ्लॉप्स, आणि नाव तिरुक्कुरळच्या दुसऱ्या भागावरून घेतलेले.

असे संगणक म्हणजे शेकडो सर्व्हर, म्हणजेच शेकडो बीएमसी. एकेकीचे पान उघडून पाहणे मानवी आवाक्याबाहेरचे, म्हणून त्यांवर आणखी एक थर चढतो. सी-डॅकने त्यासाठी ‘सी-चक्षु’ ही प्रणाली तयार केली. वेगवेगळ्या गावांतल्या महासंगणकांची प्रकृती एका पडद्यावर पाहता यावी हा तिचा हेतू. नाव समर्पक आहे. पण चक्षूला दिसते ते खालच्या चिपने सांगितलेले, हेही लक्षात ठेवणे बरे.

या दृष्टीने २६ सप्टेंबर २०२४ या दिवसाची बातमी वाचण्यासारखी आहे. त्या दिवशी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील परम रुद्र महासंगणकांचे लोकार्पण झाले. पुण्याचे यंत्र जीएमआरटीच्या निरीक्षणांसाठी. वृत्तपत्रांनी १३० कोटी रुपयांचा आकडा ठळक छापला आणि वेगवान रेडिओ स्फोटांच्या संशोधनाचा उल्लेख केला. आत वापरलेला ‘रुद्र’ सर्व्हर सी-डॅकने स्वतः आखलेला आहे, हे वाक्य बहुतेक ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात गेले. वास्तविक ते पहिले असायला हवे होते. प्रोसेसर अजून इंटेलचेच आहेत, आणि जगातील बहुसंख्य सर्व्हरवर दिसणारी बीएमसीची चिप तैवानच्या अस्पीड कंपनीची असते; स्वावलंबन एका उडीत येत नाही. पण जो मदरबोर्ड आखतो त्यालाच राखणदार कोणता, त्याच्यात कोणते फर्मवेअर, त्याची तार कुठे जाते, हे ठरविता येते. तयार सर्व्हर विकत घेणाऱ्याला पासवर्ड बदलता येतो, राखणदार बदलता येत नाही.

ते फर्मवेअर लिहितो कोण, हाही एक रंजक भाग आहे. नव्वदच्या दशकात घरी संगणक जोडलेल्या कोणालाही ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’ हे नाव आठवेल. यंत्र सुरू करताच काळ्या पडद्यावर ते येई. भारतीय वंशाचे सुब्रमोनियन शंकर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ही कंपनी स्थापन करण्यात पुढाकार घेतला. आज ती एएमआय म्हणून ओळखली जाते, तिचे विकासकेंद्र चेन्नईतही आहे, आणि ‘मेगारॅक’ नावाचे तिचे बीएमसी फर्मवेअर अनेक नामांकित कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये निराळ्या वेष्टनाखाली चालते. ग्राहकाला सर्व्हरवरचे नाव दिसते; आतला राखणदार मात्र तीन-चार ब्रँडांना सामाईक असू शकतो.

मार्च २०२५ मध्ये याच मेगारॅकमधील एक त्रुटी उघड झाली. ज्या रेडफिशवर सुरक्षिततेची भिस्त होती, त्याच्याच दारात विनंतीच्या शीर्षकात थोडी फिरवाफिरव केली की पासवर्डाशिवाय आत जाता येत होते. आत गेलेला सर्व्हर हवा तेव्हा बंद करू शकत होता, त्याचे फर्मवेअर बदलू शकत होता, मदरबोर्ड कायमचा निकामीही करू शकत होता. गांभीर्याच्या मापनश्रेणीत तिला दहापैकी दहा गुण मिळाले. जूनमध्ये अमेरिकेच्या सायबर-सुरक्षा संस्थेने ती ‘प्रत्यक्ष वापरात आलेल्या’ त्रुटींच्या यादीत घातली. बीएमसीची त्रुटी त्या यादीत जाण्याची ही पहिलीच वेळ.

दुरुस्ती एएमआयने त्याच सुमारास दिली होती. ती आधी प्रत्येक सर्व्हर-निर्मात्याकडे जाते, तो ती आपल्या मॉडेलांसाठी जुळवून घेतो, मग ती ग्राहकापर्यंत येते, आणि ती चढविण्यासाठी यंत्र काही काळ सेवेतून काढावे लागते. ज्या यंत्रावर तीन महिन्यांची गणना चालू आहे, ज्याच्या रांगेत पुढची शंभर कामे उभी आहेत, ते थांबविण्याचा निर्णय घेणे कोणाही संगणकप्रमुखाच्या जिवावर येते. मग बहुधा तो निर्णय पुढच्या देखभालीच्या दिवसापर्यंत ढकलला जातो. तोवर चालू असलेल्या आवृत्तीचा क्रमांक बीएमसीच्या त्या रूक्ष पानावर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. त्याच्यापुढे हिरवा, पिवळा किंवा तांबडा ठिपका सहसा नसतो.